पोवारांचे देव लिहून ठेवणारा इंग्रज अधिकारी आणि त्याला बुडवणारी जर्मन पाणबुडी

विदर्भात जातीच्या दाखल्याची भानगड एखाद्या घरात झालीच असेल, तर त्या घरात एक नाव हमखास ऐकू येतं. रसेल आणि हिरालाल.

जात पडताळणीच्या फायलीत, कोर्टातल्या युक्तिवादात, समाजाच्या स्मरणिकेत, आणि आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटमध्येही हेच नाव असतं. आमचा समाज मूळचा कुठला, आम्ही इथे कधी आलो, आमची कुळं किती, याचा पुरावा म्हणून पान काढलं जातं ते त्यांच्या पुस्तकाचं. पण हा रसेल नेमका कोण होता, त्याने हे का लिहिलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही.

तर हा माणूस म्हणजे रॉबर्ट वेन रसेल. जन्म ८ ऑगस्ट १८७३. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला, म्हणजे आयसीएस अधिकारी. नोकरीचा मुलूख मध्य प्रांत. तेव्हा नागपूर ही या प्रांताची राजधानी होती आणि भंडारा, बालाघाट, शिवनी, जबलपूर, रायपूर हे सगळे जिल्हे एकाच कारभाराखाली होते. आज तुमसरहून बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. रसेलच्या काळात ती सीमा नव्हती. नदी होती, एवढंच.

१९०१ ची जनगणना आली आणि मध्य प्रांतातल्या जनगणनेची जबाबदारी रसेलवर पडली. लोक मोजायचे तर आधी खाने ठरवायला हवेत. हा कोणत्या जातीचा, ती जात कोणत्या गटातली, तिची पोटजात कोणती? एकेका गावातून अशी उत्तरं यायची की कारकून डोक्याला हात लावून बसत. त्याच सुमारास हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून सरकारने ठरवलं की प्रत्येक प्रांतातल्या जाती-जमातींची सविस्तर नोंद करायची. मध्य प्रांताचं काम रसेलकडे आलं. पगार साहेबीचा आणि काम संशोधकाचं. तेही रोजची सरकारी कामं सांभाळून.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू. रसेल काही झोळी घेऊन गावोगाव हिंडणारा माणूस नव्हता. त्याची पद्धत सरकारी होती. तहसीलदार, शाळामास्तर, वकील, शाळा तपासनीस यांच्याकडून टिपणं मागवायची, ती पडताळायची, जुने सेटलमेंट रिपोर्ट वाचायचे आणि मग लेख लिहायचा. लेखाच्या सुरुवातीला तळटीप देऊन कोणाच्या कागदांवरून लिहिलं हेही तो नोंदवायचा. हा प्रामाणिकपणा त्याच्या बाजूने मान्य करायला हवा. पण माहिती देणारे जवळपास सगळे शिकलेले पुरुष होते. धान लावणाऱ्या बाईला काय वाटतं, ते या चार खंडांत शोधूनही क्वचितच सापडतं.

आणि या सगळ्या कामातला सर्वांत मोठा आधार होता हिरालाल. जन्म १८६७, गाव मुरवाडा, म्हणजे आजचं कटनी. शाळाखात्यातून वर आलेला माणूस. शिलालेख वाचायचा, गोंडी बोलीचा अभ्यास होता, जंगलातल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलू शकायचा. पुढे सरकारने त्यांना रायबहादूर केलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर रसेलचं नाव मोठं आणि हिरालाल मदतनीस म्हणून. किती वाटा कुणाचा, हे पानावर पान ठेवून सांगता येणार नाही. पण हिरालाल नसते तर रसेलच्या हातात नुसते तहसीलदारांचे कागद राहिले असते, असं मला वाटतं.

आता तुमसरकडे येऊ.

भंडारा जिल्ह्याचं गॅझेटिअर १९०८ मध्ये निघालं, तेही रसेलनेच संपादित केलेलं. त्यामुळे हा मुलूख त्याला कागदावर तरी नीट ठाऊक होता. वैनगंगेचं खोरं, धानाच्या बांध्या, तलाव, मागे जंगल. तुमसरच्या भागात नव्या निघालेल्या मँगनीजच्या खाणी. आणि या खोऱ्यात सगळीकडे भेटणारा शेतकरी समाज म्हणजे पोवार.

पोवार इथले मूळचे नव्हेत. हे ते स्वतःही सांगतात. माळव्याच्या परमार राजपुतांशी नातं सांगणारा हा समाज आधी रामटेकजवळच्या नगरधनला येऊन राहिला, अशी परंपरा रसेलने नोंदवली आहे. काळ साधारण देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा, म्हणजे १७०० च्या आसपासचा. तुमसरजवळचा अंबागड किल्ला त्याच सुमारास बख्त बुलंदच्या राजाखान पठाण या सरदाराने बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत पोवार लढले आणि त्याबद्दल त्यांना वैनगंगेच्या काठची पडीक आणि जंगलाची जमीन मिळाली. तलवार बाजूला ठेवून त्यांनी नांगर धरला. पाणी अडवण्यात आणि धान पिकवण्यात हा समाज इतका तरबेज झाला की लोकांनी त्यावर म्हणी रचल्या.

जंगल तोडून नव्या मुलखात वस्ती करणाऱ्या माणसाची एक अडचण असते. जमिनीचा पट्टा राजा देतो. पण त्या जमिनीवर आधीपासून कुणीतरी असतं. माणसं असतात, वाघ असतो, साप असतो आणि जुने देव असतात. त्यांच्याशी करार कोण करून देणार?

रसेलच्या पोवारांवरच्या लेखातला सगळ्यात वाचनीय भाग याच कराराबद्दल आहे. त्याने त्याला करार म्हटलेलं नाही. तो शब्द माझा.

पोवारांच्या घरातला देव दुल्हादेव. म्हणजे लग्नाच्या वाटेवर मेलेला आणि देव झालेला नवरदेव. एक सुपारी, एक खारीक, दोन्ही फडक्यात गुंडाळून भिंतीच्या खुंटीला टांगलेली, खाली ओटा. लग्न असो की पहिलं मूल, दुल्हादेवाला बकरा. बकऱ्याला ओट्यापाशी आणून तांदूळ खाऊ घालायचे, कपाळाला गेरूचा टिळा लावायचा, अंगावर पाणी ओतायचं आणि थांबायचं. बकरा थरथरला की समजायचं, देवाने मान्य केलं. मग मटण घरातच शिजवून घरातल्यांनीच खायचं आणि कातडं-हाडं घराच्या जमिनीखालीच पुरायची. थंड पाणी पडल्यावर बकरा थरथरणारच, हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत असणार. पण विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, ही रीत महत्त्वाची.

दुसरा देव नारायणदेव, म्हणजे सूर्य. त्याचं रूप मोरपिसांचा जुडगा. आणि हा देव पोवाराच्या घरात राहत नसे. तो राहायचा महाराच्या घरी.

पूजेचा दिवस आला की तिथून तो तुंब्यात घालून पोवाराच्या घरी आणायचा. काळा बकरा, तांदूळ, रोट असा नैवेद्य घरधन्याने दाखवायचा. त्या वेळी महाराने गायचं, नाचायचं. आणि जेवणाची पंगत बसली की महाराने घराच्या आत बसून पहिला घास घ्यायचा. पोवारांनी त्याच्या नंतर.

हा प्रकार ज्या काळातला आहे तो ध्यानात घ्या. एरवी त्याच महाराला त्याच घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नसे. त्याच्याबरोबर जेवणारा पोवार जातीबाहेर पडे. म्हणजे वर्षभर ज्याची सावली नको, त्याने एका दिवशी आधी जेवल्याशिवाय घरच्या मालकाला घास घेता येत नसे.

रसेल यावर हसला नाही. रानटीपणा म्हणून त्याने पान उलटलंही नाही. त्याने अर्थ लावला, की महार हे या भूमीचे आधीचे रहिवासी आणि नंतर आलेले पोवार या विधीतून ते मान्य करतात. हा त्याचा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तर्काला आधार होता. गावशिवेच्या भांडणात महाराची साक्ष अखेरची मानण्याची चाल मराठी मुलखात सगळीकडे होती. शीव कुठून जाते हे ज्याला ठाऊक, तो आधीपासून तिथे असणार.

पोवारांमधल्याच तुरुख नावाच्या कुळात आणखी एक तऱ्हा होती. ते अशीच पूजा गिरडच्या बाबा फरीदांची करत. गिरड वर्धा जिल्ह्यात. तिथल्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात आणि बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नारळांचे ते दगड झाले अशी कथा सांगतात. इथेही देव म्हणून मोरपिसंच. फक्त बकरा कापायचा मुसलमानाने आणि पहिला घास त्याचा. आज हे कुणाला सांगितलं तर आधी दहा जण भांडायला येतील.

वाघाची गोष्ट तर तुमसरच्या वाचकाला फार लांबची वाटू नये. घरातला माणूस वाघाने मारला तर तो वाघदेव होई. अंगणात छोटी खोपडी करायची, आत वाघाची मूर्ती, वर्षश्राद्धाला पूजा. आणि त्यानंतर त्या घरातला कुणीही वाघ मारत नसे, कारण वाघ आता घरचाच झाला. नाग चावून गेला तर नागदेव, चांदीचा किंवा लोखंडाचा नाग पुजायचा आणि साप मारायचा नाही. झाडावरून पडून, पाण्यात बुडून किंवा दुसऱ्या एखाद्या जनावराने गेला तर बनदेव. त्याच्यासाठी भाताचा गोळा आणि शेंदूर पुरे. मागची समजूत अशी, की अकाली गेलेल्याचा जीव शांत नसतो. त्याला विचारलं नाही तर तो मागे राहिलेल्यांना छळतो.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या भीतीची ही पूर्ण यादीच आहे. वाघ, साप, पाणी, झाड. मोहफुलं वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी माणसं आजही याच यादीत जगतात.

असं फक्त इथेच होत होतं का? मुळीच नाही. जर्मनीतून जाऊन अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात वसलेल्या शेतकऱ्यांनी आपले तोडगे, मंतरलेल्या चिठ्ठ्या, गुरांचे उतारे सोबत नेले होते. योहान गेऑर्ग होमान नावाच्या स्थलांतरिताने १८२० मध्ये त्यांचं पुस्तकच छापलं आणि हे पुस्तक जवळ बाळगणारा आगीत जळत नाही, पाण्यात बुडत नाही असा दावाही त्यातच केला. पुस्तक दणकून चाललं. गंमत म्हणजे या जर्मन झाडफुंकीला पुढे जे नाव पडलं, पाव-वाव, ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. तिथेही नवा आलेला माणूस जुन्या माणसाकडून काहीतरी घेऊन बसला होता. मात्र ज्यांचा शब्द घेतला, त्यांना मुलखातून हुसकावून लावलं गेलं. इकडे वैनगंगेच्या खोऱ्यात पहिला घास तरी राखून ठेवलेला होता. वर्षातून एकदा का होईना.

रसेलला अशा तुलना करायचा नाद होता. फ्रेझर आणि टायलर हे त्या काळचे मोठे मानववंशशास्त्रज्ञ त्याने वाचले होते. न्हाव्यांवर लेख लिहायला घेतला तर केसांबद्दलच्या जगभरच्या समजुतींवर तो पानंच्या पानं लिहून काढतो. कापलेले केस शत्रूच्या हाती पडू नयेत, केसात ताकद असते, नवसाला केस का देतात, वगैरे. इंग्रजांच्या आणि युरोपातल्या अंधश्रद्धाही तो त्याच ओळीत बसवतो. साहेबांच्या अंधश्रद्धा आणि नेटिवांच्या अंधश्रद्धा एकाच तराजूत घालणं हे त्या काळच्या अधिकाऱ्याकडून थोडं अनपेक्षितच.

पण म्हणून रसेलची आरती ओवाळायची गरज नाही.

त्याच्या पुस्तकात जातींना स्वभाव असतो. अमकी जात कष्टाळू, तमकी आळशी, ही भांडकुदळ, ती लबाड. चार तहसीलदारांनी आणि दोन मास्तरांनी जे मत दिलं, ते छापलं गेलं आणि कायमचं झालं. भामटा, बधक, सांसिया अशा समाजांवरचे लेख वाचले तर चोरी हाच त्यांचा धर्म असल्यासारखं लिहिलंय. हे नुसतं पुस्तकी नव्हतं. १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायदा लागू होता. जन्माला आलेलं मूलच गुन्हेगार म्हणून नोंदवणारा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण भामटा हा शब्द मराठीत आजही शिवी म्हणूनच वापरला जातो. देवांबद्दल इतक्या बारकाईने विचार करणारा माणूस, पोट भरायला गाव सोडलेल्यांबद्दल विचार करायला मात्र थांबला नाही.

आणि दुसरं, जे काल वाहतं होतं ते त्याने गोठवलं. पोवार बदलत होते, महार बदलत होते. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ज्या समाजाच्या घरी नारायणदेव असे, असं रसेलने लिहिलं, त्या समाजाने देवही सोडले आणि वर्षातून एका दिवसाचा तो मानही. बाकीच्या ३६४ दिवसांच्या अपमानापुढे त्या एका घासाची किंमत किती, हे ठरवण्याचा हक्क त्यांचाच होता.

तिसरी गोष्ट आजच्या वाचकासाठी. जुन्या समजुतींमागचा इतिहास समजून घेणं वेगळं आणि त्यांना पाठीशी घालणं वेगळं. वाघाची मूर्ती पुजणाऱ्या घराने कुणाचं वाईट केलं नाही. पण करणी केली म्हणून म्हाताऱ्या बाईला खांबाला बांधून मारणं हीसुद्धा अंधश्रद्धाच आहे, आणि ती १९०८ ची नाही. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात ऑगस्ट २०२१ मध्ये हेच घडलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशा गोष्टींसाठी. थरथरणाऱ्या बकऱ्याची रीत लिहून ठेवणाऱ्या रसेलचं पान कुणी अशा प्रकाराच्या समर्थनासाठी नाचवू लागलं, तर त्याला हा फरक सांगावा लागेल.

१९१५ पर्यंत पुस्तकाचं काम आटोपत आलं होतं. चार खंड, लंडनची मॅकमिलन कंपनी छापणार. तोवर पहिलं महायुद्ध पेटलं होतं. डिसेंबरमध्ये पी अँड ओ कंपनीचं पर्शिया जहाज इंग्लंडहून मुंबईकडे निघालं. त्यावर रसेल होता. वय ४२.

त्याच जहाजावर कपूरथळाच्या महाराजांचे दागिने होते, महाराज मात्र फ्रान्समध्येच उतरून गेले होते. लॉर्ड मॉंटेग्यू होते आणि त्यांची सचिव एलेनॉर थॉर्नटन होती. रोल्स रॉइस गाडीच्या पुढे पंख पसरून उभी असलेली जी बाई दिसते, ती हिच्यावरून घडवली असं मानतात.

३० डिसेंबर १९१५ ला दुपारी एकच्या सुमारास, भूमध्य समुद्रात क्रीट बेटाच्या दक्षिणेला, जर्मन पाणबुडी यू-३८ ने पर्शियावर टॉर्पेडो सोडला. इशारा दिला नाही. प्रवासी जेवायला बसायच्या बेतात होते. काही मिनिटांत जहाज तळाशी गेलं. ५१९ पैकी ३४३ माणसं बुडाली. मॉंटेग्यू वाचले. थॉर्नटन गेली. रसेलही गेला.

पोवारांच्या हिशेबाने तो बनदेव झाला असता. भाताचा गोळा आणि शेंदूर.

पुस्तक १९१६ मध्ये बाहेर आलं. लेखकाला ते बांधून हातात धरता आलं नाही. हिरालाल मात्र पुढे १८ वर्षं काम करत राहिले. त्याच १९१६ साली त्यांचं मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या शिलालेखांवरचं पुस्तक निघालं, पुढे संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची झाली, आणि हिंदीत त्यांनी जिल्ह्यांची छोटी गॅझेटिअरं लिहिली. दमोहचं दमोह दीपक, सागरचं सागर सरोज. इंग्रजी न येणाऱ्या शाळकरी पोरालाही आपल्या जिल्ह्याबद्दल वाचता यावं अशा भाषेत. १९३४ मध्ये ते गेले.

रसेल-हिरालालचे चारही खंड आता इंटरनेटवर फुकट मिळतात, कारण त्यांचा कॉपीराइट केव्हाच संपला. पोवारांचा लेख चौथ्या खंडात आहे. इंग्रजी अवघड नाही. कुणी पुढच्या वेळी ग्रुपवर त्यातलं अर्धं पान टाकलं, तर उरलेलं अर्धं पानही मागून घ्या. नारायणदेवाचा परिच्छेद बहुतेक त्या उरलेल्या अर्ध्यातच असतो.